परतीचं भाडं

पौड रस्ता कोथरूडमधून चांदणी चौकाकडे चढतो आणि पलीकडे भूगाव, पिरंगुट करत मुळशीच्या खोऱ्यात उतरतो. कोथरूड वाढलं ते या रस्त्याच्या दोन्ही अंगांना, आणि ते वाढवणारे हातही बरेचसे याच रस्त्याने आले. मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून सकाळी शहराकडे येणारी माणसं पाहत आले आहे. बायकापोरं, बोचकी घेऊन घोळक्याने गावाकडे निघालेली माणसं पाहिली ती २०२०च्या उन्हाळ्यात.

त्यांतले मुळशीकडचे काही जण मुंबईहून आलेले होते. मुंबईचे डबेवाले पुष्कळसे मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतले. १८९०पासून चालत आलेलं त्यांचं काम मार्च २०२०मध्ये करोनाच्या साथीने थांबलं. कचेऱ्या बंद, लोकल बंद. डबा कुणाला पोचवायचा? पाचेक हजार माणसांचा धंदा आठवड्याभरात ठप्प झाला आणि त्यांतली बरीचशी गावी आली, घरच्या भातखाचरात उतरली, जमीन नव्हती ती दुसऱ्याच्या बांधावर रोजाने गेली.

मुळशीची गोष्ट याहून जुनी आहे. १९२०च्या दशकात टाटांच्या धरणाखाली तिथली पन्नासेक गावं आणि नदीकाठची भाताची उत्तम जमीन गेली. सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, धरण थांबलं नाही. वीज मुंबईला गेली आणि खोऱ्यातली पोरंही पोटासाठी मुंबईला गेली. शंभर वर्षांनी मुंबई बंद पडली, तेव्हा त्या शहराने आपल्या माणसांना सांगितलं की आता गावी जा. ज्या खोऱ्याकडून जमीन घेतली होती, त्याच खोऱ्याने मुंबईची माणसं पोसली. त्याबद्दल कुणी त्या खोऱ्याला काही दिलं का, हा प्रश्न विचारलाही गेला नाही. मंदी आली की माणसं घरी जातात, असं आपण बोलून मोकळे होतो. घरी जाऊन ती खातात काय, आणि ते खाणं कुणाच्या ताटातलं असतं, इथवर आपण जात नाही.

आमच्या समोरची जुनी इमारत २०१९ साली पाडली होती. कोथरूडमध्ये तेव्हाही गल्लोगल्ली पुनर्विकास सुरू होता, आज तर तो आणखी वाढला आहे. मार्च २०२०मध्ये तिथे तिसऱ्या मजल्याचा स्लॅब पडायचा होता. सेंटरिंगचं काम करणारे सगळे बंगालच्या मालदा जिल्ह्यातले, गवंडीकाम करणारी कुटुंबं कलबुर्गीकडची, आणि बिगारी म्हणून नांदेड-परभणीची काही जोडपी. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून टाळेबंदी लागली. ठेकेदाराने पहिल्या पंधरवड्यात तांदूळ-बटाटे पाठवले, नंतर त्याचा फोन लागेना. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बसवत नसे म्हणून ही माणसं अर्धवट स्लॅबच्या सावलीत अंतराअंतराने बसून असत.

कोथरूडने त्या दिवसांत हात आखडता घेतला नाही, हे मला आवर्जून लिहायचं आहे. कितीतरी सोसायट्यांमध्ये घराघरांतून पोळ्या गोळा होत होत्या. आमच्या इमारतीतल्या सत्तरीच्या दोघी रोज भाजी चिरायला बसायच्या. एप्रिलच्या अखेरीस रमजान सुरू झाला. मालद्याची पोरं रोजे धरत होती, म्हणून त्यांचा डबा संध्याकाळी द्यायचा हे त्या दोघींनीच ठरवलं आणि महिनाभर पाळलं. पण त्यांच्यातला चाळिशीचा मिस्त्री एकदा डबा घेताना म्हणाला, "मौसी, खाना तो मिल रहा है. घर पैसा नहीं जा रहा." मग त्याने मला सगळा व्यवहार समजावून सांगितला.

साइटवर मजुराला हजेरीचे पूर्ण पैसे हातात मिळत नाहीत. आठवड्याला खर्ची मिळते, म्हणजे तेल-मीठ, मोबाइल आणि घरी थोडे पाठवण्यापुरते पैसे. बाकीची रक्कम ठेकेदाराच्या वहीत साठत जाते. ईदला, सणाला किंवा गावी जाताना हिशोब होतो. मजुराची सगळी बचत अशी दुसऱ्याच्या वहीत असते आणि वहीचा मालक फोन उचलत नाही. त्या शेडमधला एकही माणूस कंगाल नव्हता. प्रत्येकाचे काही हजार, कुणाचे तीस-चाळीस हजार, ठेकेदाराकडे निघत होते. ते त्यांच्या घामाचे होते, आणि आम्ही त्यांना पोळीभाजी देत होतो. हे कळल्यावर मला त्या डब्यांकडे पूर्वीसारखं पाहता आलं नाही.

१ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या. पोलीस चौकीत द्यायचे अर्ज भरायला आम्ही काही जण रोज शेडमध्ये बसत होतो. आधार कार्डावर बहुतेकांची जन्मतारीख १ जानेवारी. शाळेत नाव घालणाऱ्या मास्तरांनी किंवा आधार काढणाऱ्याने टाकलेली. सुरुवातीला डॉक्टरचा दाखलाही लागत होता, त्यासाठी दवाखान्यांपुढे उन्हात रांगा लागत होत्या. गाडी कधी, कुठून, कुणालाच ठाऊक नसे. कलबुर्गीची कुटुंबं थांबली नाहीत. एका पहाटे ती हायवे धरून सोलापूरच्या दिशेने चालू लागली, त्यांत एक सात महिन्यांची पोटुशी होती.

७ मे रोजी परदेशात अडकलेल्यांना आणण्यासाठी 'वंदे भारत' मोहिमेतली पहिली विमानं उडाली. कोथरूडमध्ये तर घरटी एक मूल परदेशात. आमच्या इमारतीतले आईबाप त्या यादीत नाव लागण्याची वाट पाहत होते आणि त्यांच्या काळजीत काहीही खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी, ८ मेच्या पहाटे, औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ते मध्य प्रदेशातल्या उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतले, जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते. भुसावळहून गाडी मिळेल म्हणून रात्रभर रुळांवरून चालत निघाले होते. गाड्या बंद आहेत असं समजून ते तिथेच आडवे झाले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिला. मला मात्र त्या भाकऱ्यांआधीचं काहीतरी खुपत राहिलं: कारखाना बंद झाला त्या दिवशी या माणसांना गावी पोचवणं हे कुणीच आपलं काम मानलं नव्हतं. ज्यांनी त्यांना बोलावलं होतं, त्यांनी परत पोचवण्याची जबाबदारी कधी घेतलीच नव्हती.

अम्फान वादळामुळे बंगालकडच्या गाड्या आणखी मागे पडल्या. मालद्याची मंडळी मे संपता संपता गेली; ईद त्यांनी शेडमध्येच केली. सगळ्या देशात या गाड्यांनी ६३ लाख माणसं गावी गेली. सप्टेंबरात सरकारने संसदेत सांगितलं की आपापल्या राज्यात परतलेल्या मजुरांची संख्या १ कोटी ४ लाख आहे, आणि वाटेत किती मेले त्याची माहिती आपल्याकडे नाही. परतलेले मोजता आले, मेलेले मोजता आले नाहीत. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा २३.९ टक्क्यांनी घटल्याचा आकडा आला, तोही त्याच सुमारास.

आमच्याकडे काम करणाऱ्या केळेवाडीच्या मावशी या सगळ्या काळात कुठे गेल्या नाहीत. "वहिनी, सासऱ्यांनी बाहत्तरच्या दुष्काळात गाव सोडलं," त्या म्हणाल्या. "तिथं आता आमचं घर न्हाई का शेत न्हाई. जायाचं कुठं?" केळेवाडी, सुतारदरा, किष्किंधानगर इथल्या डोंगरउतारांवर अशी कितीतरी घरं आहेत. गावाची दोरी तुटली आणि शहरात पाय टेकले, पण ते टेकडीच्या मुरमावर. त्याच दुष्काळात वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि पुढे सगळ्या देशाची रोजगार हमी तिच्या वाटेने आली. २०२०-२१ मध्ये या देशव्यापी योजनेवर ३८९ कोटी मनुष्यदिवसांचं काम झालं, एवढं त्याआधी कधीच झालं नव्हतं. शहरांनी सोडून दिलेली माणसं बऱ्याच अंशी या योजनेने उचलली. पण बंगालमध्ये तिचा रोज २०४ रुपये होता आणि सेंटरिंगच्या मिस्त्रीला पुण्यात त्याच्या तिप्पट हजेरी मिळत होती. परतलेल्यांसाठी जूनमध्ये केंद्राने वेगळं अभियान काढलं, ६ राज्यांच्या ११६ जिल्ह्यांत. त्यात बंगालचा एकही जिल्हा नव्हता, आणि महाराष्ट्राचाही नव्हता. म्हणजे मालद्याचा मिस्त्रीही त्यातून बाहेर आणि नांदेडचं बिगारी जोडपंही बाहेर.

असं परतणं आमच्या घरानेही पाहिलं आहे. आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात. माझे थोरले काका परळला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. त्याला मंदी म्हणता येणार नाही, पण अडीच लाख कामगारांच्या चुली एकदम विझल्या. सहा महिन्यांत मिटेल म्हणून काका ट्रंक आणि स्टोव्ह घेऊन गावी आले. डॉ. दत्ता सामंतांनी तो संप कधी रीतसर मागे घेतलाच नाही आणि काकाही परत गेले नाहीत. मी तेव्हा शाळेत होते. काका येणार म्हणजे बिस्किटं, कापड, बाजाराला पैसे, हे आम्हा मुलांना माहीत होतं. त्या वर्षापासून काका घरात होते आणि मनीऑर्डर नव्हती. पोस्टमन दारावरून पुढे जायचा तेव्हा काकू आत निघून जायची. दोन भावांच्या कुटुंबांना कसंबसं पुरणाऱ्या शेतात तिसऱ्याचं ताट वाढलं, आणि ते ताट भरण्यासाठी माझ्या वडिलांनी पुण्याची वाट धरली. एक जण परतला म्हणून दुसऱ्याला निघावं लागलं. माझं कोथरूडमध्ये असणं त्या संपातून आलेलं आहे.

म्हणून आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाची गोष्टही मला वेगळी ठेवता येत नाही. २००८च्या सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली आणि पुढच्या काही महिन्यांत त्याची अमेरिकेतली नोकरी गेली. बायको आणि लहान मुलीला घेऊन तो आईवडिलांकडे आला, वर्षभर राहिला. तो फार खचला होता. जिन्यात भेटला तर मान खाली घालायचा. त्याची आई त्याला त्याच्या आवडीचं करून घालायची आणि तो जेवायचा नाही, हे तिनेच मला सांगितलं. वर्षाने त्याला हिंजवडीत नोकरी लागली. त्याचं दुःख मी कमी लेखत नाही. पण तो ज्या घरात परतला, ते घर त्याच्या पैशांवर चालत नव्हतं. वडिलांचं निवृत्तिवेतन होतं, फ्लॅटचे हप्ते फिटलेले होते. काका आणि तो मिस्त्री ज्या घरात परतले, ते घर त्यांनीच पाठवलेल्या पैशांवर उभं होतं. पैसा थांबला त्याच दिवशी खाणारं तोंड वाढलं. मंदीचा मार कुणावर किती पडतो, हे मी तेव्हापासून या एका गोष्टीवरून ताडते: माणूस परततो ते घर त्याला पोसणारं आहे की त्याने पोसलेलं?

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईला मांडवीत प्लेग सापडला तेव्हाही गावांकडे असाच ओघ लागला. काही महिन्यांत जवळपास निम्मी मुंबई रिकामी झाली. गिरण्यांतली माणसं कोकणात आणि घाटावर परतली. एरवी गिरणीमालक मजुराचा पगार पुढे कित्येक दिवस अडकवून ठेवत, म्हणजे तो काम सोडून जात नसे. प्लेगात मजूर मिळेनासे झाले तेव्हा त्याच मालकांना रोजच्या रोज पैसे मोजावे लागले, नाक्यावर उभ्या मजुरांसाठी एकमेकांवर चढती बोली लावावी लागली. माणसं परत आली आणि जुना रिवाजही परत आला. त्या साथीसाठी केलेला १८९७चा साथरोग कायदाच मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रात लागू झाला. वहीत पैसे अडकवण्याची रीतही तेवढीच टिकाऊ निघाली.

कारण २०२०च्या ऑगस्ट-सप्टेंबरात ठेकेदारांचे फोन पुन्हा सुरू झाले. कामं खोळंबली होती, ग्राहकांना ताबा द्यायचा होता. कुणी रेल्वेची तिकिटं पाठवली, देशात काही ठिकाणी तर मजुरांसाठी विमानाची तिकिटं काढली गेली. मे महिन्यात ज्यांच्यासाठी एक बस मिळत नव्हती, त्यांच्यासाठी चार महिन्यांत विमान मिळालं. आमच्या समोरचा मिस्त्री ऑक्टोबरात आला. त्याच ठेकेदाराकडे का आलास, असं मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "हिसाब तो उसी के पास है, मौसी." मार्चपर्यंतची त्याची रक्कम त्या वहीत होती. दुसरीकडे गेला असता तर ती बुडाली असती.

स्लॅबखाली बसून त्याने मला त्या पाच महिन्यांचा जमाखर्च सांगितला. घरच्या दोन्ही शेळ्या गेल्या. बायकोने महिलांच्या गटातून कर्ज काढलं, त्याचा हप्ता दर आठवड्याला. मेहुण्याकडून तांदूळ आला, तो भाताच्या हंगामात मजुरीने फेडला. मोठ्या मुलाची शाळा बंद होती, तो कामाला लागला आणि पुढे शाळा सुरू झाल्यावरही तिथेच राहिला. कोथरूडमधली इमारत पाच महिने थांबली, त्याचा खर्च मालद्यातल्या एका अंगणात असा वळता झाला होता. बिल्डरला मुदतवाढ मिळाली, बँकांनी कर्जदारांचे हप्ते काही महिने पुढे ढकलले. शेळ्या विकल्या गेल्या त्या गेल्याच.

कायदे नव्हते असं नाही. १९७९च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने मजुराला गावापासून कामापर्यंतचं आणि कामावरून गावापर्यंतचं भाडं द्यावं असं लिहिलेलं होतं, आणि प्रवासाच्या दिवसांची मजुरीही द्यावी असं होतं. आता तो कायदा नव्या श्रमसंहितेत सामावला आहे, २०२५च्या नोव्हेंबरात ती लागू झाली. प्रवासभत्ता तिच्यातही आहे. बांधकामाच्या खर्चाच्या एक टक्का उपकर मजुरांच्या कल्याण मंडळाकडे जमा होतो. एप्रिल २०२०मध्ये महाराष्ट्राने त्यातून नोंदणी झालेल्या सुमारे १२ लाख कामगारांना २,००० रुपये जाहीर केले. आमच्या समोरच्या साइटवर नोंदणी झालेला एकही माणूस मला सापडला नाही. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो बहुधा ठेकेदारानेच द्यायचा असतो.

आता आमचीच इमारत पाडायची आहे. बिल्डरबरोबरच्या कराराचा मसुदा घरोघरी फिरतो आहे आणि मी तो नीट वाचला आहे. इमारत उभी राहीपर्यंत आम्हाला दरमहा भाडं मिळणार. दलालीचा खर्च मिळणार. सामान हलवायचे पैसे मिळणार, ते दोनदा: इथून जातानाचे आणि परत येतानाचे. कॉर्पस फंड वेगळा. आमच्या जाण्यायेण्याची एवढी काळजी त्यात आहे आणि ती असायलाच हवी, यातल्या कित्येकांनी आयुष्याची पुंजी या घरांत घातली आहे. पण शंभर पानांत मजूर एकदाही येत नाहीत. ते राहतील कुठे, त्यांना पैसे कसे मिळतील, काम थांबलं तर काय, यावर एक ओळ नाही.

मी सभेत हे मांडलं तेव्हा काही जण म्हणाले की हा ठेकेदाराचा प्रश्न आहे, आपण कशाला मध्ये पडायचं. आमचे सेक्रेटरी सरळ माणूस आहेत. त्यांनी विचारलं, "याला खर्च किती येईल, ते सांगा." मी हिशोब घेऊन गेले होते. मालद्यापर्यंत शयनयान डब्याचं जाण्यायेण्याचं तिकीट दोन हजारांच्या आसपास. साइटवर साठ माणसं धरली तर सव्वा लाखाच्या आत. आमच्यापैकी एका कुटुंबाला मिळणाऱ्या चार महिन्यांच्या भाड्याएवढी ही रक्कम. सभेत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या रांगेतून वरच्या मजल्यावरच्या त्या मुलाची आई, आता ऐंशीच्या पुढची, म्हणाली, "घाला हो करारात. माझी सही आधी घ्या."

बिल्डरचे वकील पुढच्या रविवारी येणार आहेत. त्यांच्यापुढे ठेवायची कलमं मी मराठीत लिहून काढली आहेत, कायद्याच्या भाषेत ती त्यांनी आणावीत. साइटवरच्या प्रत्येक मजुराची कल्याण मंडळाकडे नोंदणी आणि ९० दिवसांचा दाखला बिल्डरने मिळवून द्यायचा. हजेरीचे पूर्ण पैसे दर महिन्याला मजुराच्या स्वतःच्या खात्यात जमा करायचे, ठेकेदाराच्या वहीत ठेवायचे नाहीत. आणि काम कोणत्याही कारणाने एक महिन्याहून जास्त थांबलं, तर आठ दिवसांच्या आत सगळ्यांचा हिशोब पुरा करून गावापर्यंतचं भाडं हातात द्यायचं. ते झाल्याशिवाय आम्ही आमचं भाडं घेणार नाही.